मामांचा फळा

दिवाळीची साफसफाई ही मोठी धोक्याची गोष्ट आहे. माळ्यावरून काय खाली येईल याचा नेम नसतो. गेल्या वर्षी, म्हणजे २०२४ च्या दिवाळीत, आमच्या मामींच्या माळ्यावरून एक पत्र्याची पेटी खाली आली. तिच्यावर इतकी धूळ होती की मामींनी आधी पदर नाकाला लावला आणि मगच तोंड उघडले.

"हे तुझ्या मामांचे पहिले कुटुंब," त्या मला म्हणाल्या. "एक तर तू घेऊन जा, नाहीतर उद्या भंगारवाल्याला देते. तीस वर्षे सवत सांभाळली, आता पुरे."

मी पेटी उघडली. आत एक चपटी, काळपट, पुढच्या बाजूला सात-आठ बारीक दिवे असलेली डबी होती. तिच्याखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या चौकोनी फ्लॉप्या आणि मामांच्या किरट्या अक्षराने भरलेली एक वही. वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिले होते : 'फळा. वेळ रात्री दहा ते सकाळी सहा.'

मी चित्रकलेचा मास्तर. पुस्तकी शिक्षण दहावीपर्यंतचे. पुढे चार कादंबऱ्या लिहिल्या म्हणून लोक लेखक म्हणतात. आयुष्यात मी पुष्कळ फळे पाहिले, पुसले आणि रंगवलेही. पण हा फळा पाहिला आणि माझ्या छातीत कुठेतरी कळ आली. तिचे कारण मामींना ठाऊक नव्हते. मामांना ठाऊक आहे की नाही, ते मला तीस वर्षे ठाऊक नव्हते.

१९९३ साली मी शिक्षणासाठी खेड्यातून नाशकात मामांकडे आलो. मामांची रविवार कारंज्याजवळ टंकलेखनाची छोटी शाळा होती. खाली दहा टाइपरायटर आणि कोपऱ्यात एक संगणक, वर आमचे बिऱ्हाड. फोनसाठी वर्षानुवर्षे ताटकळण्याचे ते दिवस. मामांचा फोन आला तेव्हा मामींनी त्याला हळदकुंकू वाहिले होते. आणि त्याच फोनची तार मामा रात्री दहाला काढून या काळ्या डबीत खुपसत. डबीचे नाव मोडेम. संगणकाचे बोलणे ती शिट्टीत बदलते, पलीकडची दुसरी डबी त्या शिट्टीचे पुन्हा बोलणे करते आणि मधल्या तारेला वाटते की दोन माणसेच बोलत आहेत. मला त्या वयात ही सरळसरळ फसवणूक वाटे आणि म्हणूनच ती फार आवडे.

मामांचा 'फळा' म्हणजे इंग्रजीत ज्याला बुलेटिन बोर्ड म्हणतात तो. ज्याच्याकडे संगणक आणि मोडेम असेल त्याने मामांचा नंबर फिरवायचा. शिट्ट्या जुळल्या की मामांच्या यंत्रावरची पाटी त्याच्या पडद्यावर उमटे. मग त्याने आधीच्यांचे निरोप वाचावेत, आपला निरोप लिहावा आणि फोन ठेवावा. तार एक, म्हणून पाहुणाही एका वेळी एकच. दुसऱ्याला 'एंगेज'चा सूर. घाई नव्हतीच. मामांचे मोडेम सेकंदाला फार तर दोनशे चाळीस अक्षरे आणी. पडदा पूर्ण भरायला आठ सेकंद लागत. अक्षरे डावीकडून उजवीकडे मुंग्यांसारखी रांगेत येत आणि आपण त्यांच्यामागून वाचत जावे. आज माझ्या मुलीने मोबाइलवर काढलेला एखादा फोटो त्या वेगाने यायचा म्हटला तर साडेतीन तास बसावे लागेल.

ही कल्पना मामांची नव्हे. १९७८ च्या जानेवारीत अमेरिकेत शिकागोला हिमवादळ झाले आणि माणसे घरात कोंडली गेली. त्यांतल्या वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी स्यूस या दोन हौशी मित्रांना वाटले, आपल्या संगणक मंडळाच्या भिंतीवर टाचण्यांनी चिठ्ठ्या लावायचा जो फलक असतो, तोच फोनवर का नसावा? १६ फेब्रुवारी १९७८ ला त्यांचा फलक लोकांना खुला झाला. तिथून हे वेड जगभर गेले. आपल्याकडे मुंबईत सुचित नंदांचा 'लाइव्ह वायर' आणि बंगळुरात अतुल चिटणिसांचा 'सीआयएक्स' ही त्यातली मोठी नावे. मामांनी मुंबईचा फलक एका विद्यार्थ्याकडे पाहिला आणि परत येताना बसमध्येच ठरवले की नाशकालाही असा पार हवा.

पारावर येणारी माणसे तरी किती? सारी मिळून नऊ. ओझरच्या विमान कारखान्यातले एक इंजिनियर, पंचवटीतले एक डॉक्टर, दोन कॉलेजकुमार, असे कोणी कोणी. रात्री अकरानंतर एसटीडीचा दर चौथाई होई, तेव्हा पुण्याहूनही एक गृहस्थ येत आणि पाच मिनिटांत पंधरा निरोप वाचून पळत. प्रत्येकाने टोपणनाव घेतलेले. मराठी लिहायचे तेही रोमन अक्षरांत, त्यामुळे 'काका' आणि 'काका' ओरडणारा कावळा यांत घोटाळा होई. विषय कसलेही. द्राक्षांवर पडलेला भुरी रोग, गंगेला आलेला पूर, बुद्धिबळाचा अडलेला डाव. रात्रीतून एक चाल खेळली जाई. एक डाव पावसाळ्यात सुरू झाला तो संक्रांतीला संपला आणि हरलेल्या डॉक्टरांनी सर्वांना तिळगूळ पोस्टाने पाठवला.

मामांनी मला एक काम दिले होते. सकाळी फळा बंद करायचा आणि आलेल्या निरोपांचे क्रमांक वहीत उतरवायचे. नुसते क्रमांक. काही निरोप खाजगी असत, एकाचे दुसऱ्याला. ते पाहुण्यांना एकमेकांचे दिसत नसत. पण फळ्याच्या मालकाला सगळे दिसे. मामांनी पहिल्याच दिवशी बजावले होते, "क्रमांक उतरव, मजकूर वाचू नकोस. पोस्टमन पत्र वाचू लागला, तर तो पोस्टमन राहत नाही."

मी वाचत असे. रोज वाचत असे.

१९९४ च्या हिवाळ्यात 'ध्रुव' नावाच्या पाहुण्याचा मामांना एक खाजगी निरोप आला. सातपूरचा त्याचा कारखाना बंद पडून तीन महिने झाले होते. घरी सांगायचे धैर्य नव्हते. म्हणून तो रोज सकाळी नेहमीच्या वेळी डबा घेऊन निघे, निळी स्कूटर सार्वजनिक वाचनालयापाशी लावी, दिवसभर वर्तमानपत्रे वाची आणि सहाला घरी जाई. पगाराच्या तारखेला स्वतःच्याच शिलकीतून पैसे काढून बायकोच्या हातात ठेवी. 'आता शिल्लक दोन महिन्यांची आहे,' असे त्याने लिहिले होते. 'तुम्हांला का सांगतो कोण जाणे. तुमचा चेहरा मी पाहिलेला नाही, म्हणूनच असेल.'

मी सोळा वर्षांचा होतो. मला त्या माणसाची दया आली नाही. मला ती गोष्ट विलक्षण वाटली. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी ती वर्गात सांगितली. डबा, निळी स्कूटर, वाचनालय, सगळे रंगवून सांगितले. खेड्यातून आलेल्या मला तोवर कोणी विचारत नव्हते. त्या दिवशी पंधरा मुले माझ्याभोवती श्वास रोखून उभी होती. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा मात्र हसला नाही. त्याने डबा बंद केला आणि दप्तर उचलून वर्गाबाहेर गेला. पुढचे चार दिवस तो शाळेत आला नाही. त्याचे वडील निळ्या स्कूटरवरून त्याला सोडायला येत, हे मला दुसऱ्या कोणीतरी सांगितले.

'ध्रुव' फळ्यावर पुन्हा उगवला नाही.

मामांनी मला काही विचारले नाही. पण त्या आठवड्यापासून क्रमांक उतरवायचे काम त्यांनी स्वतःकडे घेतले. "तुझे दहावीचे वर्ष आहे," एवढेच म्हणाले. पुढे १५ ऑगस्ट १९९५ ला देशात इंटरनेट सर्वांना खुले झाले. मोठ्या शहरांपासून सुरुवात झालेली ती लाट हळूहळू इकडेही आली. एकेक पाहुणा कमी झाला. १९९६ च्या पावसाळ्यात सलग अठरा रात्री कोणीच आले नाही, तेव्हा मामांनी तार काढून पुन्हा फोनला लावली. मामींनी देवापुढे साखर ठेवली.

गेल्या वर्षी ती पेटी घेऊन मी घरी आलो, तेव्हा माझ्या थोरलीने, ती अकरावीत आहे, डबी उलटीपालटी करून पाहिली आणि विचारले, "बाबा, हे चालू करायचे?" मी म्हटले, "नको." ती म्हणाली, "मामाआजोबांना आवडेल." यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते.

मामा आता अठ्ठ्याहत्तरचे. गुडघ्यांनी असहकार पुकारलेला, बोलणे कमी झालेले. आम्ही पेटी घेऊन गेलो, तेव्हा त्यांनी डबीवरून नुसता हात फिरवला. थोरलीने त्यांना सांगितले, की तो पहिला फलक काढणारे क्रिस्टेन्सन त्याच महिन्यात वारले आणि तेही अठ्ठ्याहत्तरच वर्षांचे होते. मामा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मग घाई केली पाहिजे."

दिवाळीची सुट्टी त्यात गेली. मूळ संगणक केव्हाच विकला होता. फ्लॉप्यांवर पावसाळ्यांनी बुरशी धरली होती. अकरांपैकी चार वाचता आल्या. थोरलीने आपल्या लॅपटॉपमध्ये जुना संगणक असल्याचा देखावा उभा केला आणि मामांचा तो जुना प्रोग्रॅम त्यात निमूटपणे चालू लागला. खरी अडचण फोनची. घरोघर आता काचेचे तंतू आले. त्यांतून जाणारा आवाज कापून-कोरून बारीक केलेला असतो. माणसाला तो पुरतो, पण मोडेमच्या शिट्टीचे त्यात मातेरे होते. आजकाल हौशी लोक असे जुने फलक इंटरनेटवरच पुन्हा उभारतात, शिट्टीवाचून. थोरलीने तो मार्ग सुचवला. मामा हट्टाला पेटले. "शिट्टीशिवाय फळा नाही."

शेवटी आमच्या शाळेने काढून टाकलेला इंटरकॉमचा डबा उपयोगी पडला. जुन्या सामानाच्या दुकानात दुसरे एक मोडेम दोनशे रुपयांना मिळाले. एक मोडेम खालच्या खोलीत मामांपाशी, दुसरे वर माझ्यापाशी, मध्ये इंटरकॉम. साऱ्या पृथ्वीला जोडायला निघालेला फळा आता एका घराचे दोन मजले जोडणार होता. वसुबारसेच्या रात्री दहाला मी वरून एकवीस हा आकडा फिरवला. खाली घंटा वाजली. मग ती लांब, एकसुरी शिट्टी आणि तिच्या मागोमाग खरखर. मी जिन्यातून डोकावलो. मामा डोळे मिटून बसले होते आणि मामी, सवतीच्या नावाने तीस वर्षे बोटे मोडणाऱ्या मामी, दारात उभ्या राहून म्हणाल्या, "अगं बाई, हिचा आवाज अजून तसाच आहे!"

जुने निरोप वाचत गेलो. द्राक्षे, पूर, डॉक्टरांचा वजीर. क्रमांक ४११, ४१२. त्यानंतर ४१४. मधला नव्हता. मामांनी तो पुसला होता, पण पुढचे क्रमांक सरकवले नव्हते. जागा रिकामी ठेवली होती.

मी खाली गेलो. मामी झोपल्या होत्या. मी म्हटले, "मामा, चारशे तेरा."

"हं."

"तो मी वाचला होता. आणि वर्गात सांगितला."

"मला माहीत होते," मामा म्हणाले. "त्यांच्या मुलाने घरी जाऊन विचारले. त्याच रात्री त्यांचा मला फोन आला. यंत्राचा नव्हे, माणसाचा. दुसऱ्या दिवशी सायकल काढून मी सातपूरला गेलो आणि त्यांची माफी मागितली."

"तुम्ही? माझे नाव सांगितले नाहीत?"

"फळा माझा होता," मामा म्हणाले. "किल्ली पोरापाशी दिली ती मी." थोडे थांबून ते म्हणाले, "त्यांच्या बायकोने चहा केला. ती म्हणाली, बरे झाले कळले. पुढे ते लोक बडोद्याला गेले. पण त्यामुळे तुझे केलेले बरोबर ठरत नाही हं. त्यांच्या घरचे ते चांगले होते, म्हणून निभावले."

मला झोप आली नाही. मी लिहितो ते सगळे कोणाचे ना कोणाचे असते. कोणाचे तरी ऐकलेले, पाहिलेले, न विचारता उचललेले. त्याची सुरुवात त्या मधल्या सुट्टीत झाली, हे मी जाणून होतो. पण माझ्यासाठी कोणी सायकल काढून सातपूरला गेले होते, हे मला कळले ते सत्तेचाळिसाव्या वर्षी, मामा तेव्हा होते त्याच वयाचा झाल्यावर.

धनत्रयोदशीच्या रात्री मी वरून पुन्हा एकवीस फिरवला आणि 'ध्रुव'च्या नावे एक खाजगी निरोप लिहिला. तीस वर्षांपूर्वी लिहायला हवा होता तो. यंत्राने त्याला क्रमांक दिला ६३८. तो पत्ता घेणारे आता कोणी नव्हते. वाचू शकणारे एकटे मामाच, फळ्याचे मालक.

नरक चतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नान आटोपून आम्ही फराळाला बसलो. थोरलीने सहज फळा उघडून पाहिला आणि ओरडली, "बाबा, सहाशे अडतीस गेला! काही बिघडले का?"

मी मामांकडे पाहिले. ते चिवड्यातले खोबरे वेचण्यात गढून गेले होते.

"काही बिघडले नाही," मी म्हटले. "जागा तशीच राहू दे."