वर्षाकाळचा कोंकणप्रवास

पावसाळा हा प्रवासाचा काळ नव्हे, अशीच आपल्या पूर्वजांची समजूत होती. यतींनीं चार महिने एका ठिकाणीं राहावें, राजांनीं स्वारी आवरावी, व्यापाऱ्यांनीं गलबतें किनाऱ्यावर ओढून ठेवावीं, असा परिपाठ होता. सीतेच्या शोधासारखें निकडीचें कार्य पुढें असतांही श्रीरामचंद्रांनीं वर्षाकाळ प्रस्रवण पर्वतावर बसून काढला, हें रामायणाच्या वाचकांस ठाऊकच आहे. आज नद्यांवर पूल झाले, डोंगरांतून रेल्वे गेली, आणि पावसाळी सहल ही सुशिक्षित कुटुंबांची एक हौस होऊन बसली. ही हौस वाईट आहे असें आम्ही म्हणत नाहीं. तथापि वाट सुधारली म्हणून डोंगराचा स्वभाव बदलत नाहीं. याकरितां मुलेंबाळें व वडीलधारी मंडळी बरोबर घेऊन कोंकणांत उतरण्याचा ज्यांचा विचार असेल, त्यांच्यापुढें चार गोष्टी मांडाव्या असें वाटतें.

प्रथम कोठें जावें हें ठरवावें. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त नैर्ऋत्य वारे सह्याद्रीस अडतात, वर चढून थंड होतात आणि आपला बहुतेक भार पश्चिमेच्या अंगास टाकतात. महाबळेश्वरीं वर्षास ५,५०० मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. तेथून पूर्वेस वीसएक किलोमीटरांवर असलेल्या पांचगणीस त्याचा जेमतेम तिसरा हिस्सा मिळतो, आणि खालीं वाईस सुमारें ७०० मिलिमीटरांवरच भागतें. सावंतवाडीच्या वरच्या अंगास असलेल्या आंबोलीस हाच पाऊस ७,००० मिलिमीटरांच्या घरांत जातो. दमा किंवा संधिवात असलेल्या वृद्धांस तेथील धुक्यांत चार दिवस डांबून ठेवणें ही त्यांची सहल नव्हे, शिक्षाच होय. अशा मंडळींसाठीं रत्नागिरी किंवा मालवण यांसारखें किनाऱ्यालगतचें गांव बरें. तेथेंही पाऊस पुष्कळ. परंतु आंबोलीच्या मानानें निम्मा, आणि दोन सरींच्या मधून ऊन पडतें.

आतां केव्हां जावें, हा खरा महत्त्वाचा प्रश्न. आपला शेतकरी पावसाची मोजणी सूर्यनक्षत्रांवरून करतो. पुनर्वसूच्या पावसास तो तरणा म्हणतो आणि पुष्याच्या पावसास म्हातारा. हा म्हातारा सुमारें २० जुलैस येतो व ऑगस्टच्या आरंभीं जातो. अलीकडच्या वर्षांतील मोठ्या आपत्तींच्या तारखा याच्याशीं ताडून पाहाव्या. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईंत सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला व त्याच सुमारास महाड तालुक्यांत दरडी कोसळल्या. ३० जुलै २०१४ रोजीं पुणें जिल्ह्यांतील माळीण गांव मातीखालीं गेलें. २२ जुलै २०२१ रोजीं चिपळूण पुरांत बुडालें आणि महाड तालुक्यांतील तळिये दरडीखालीं सांपडलें. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं रायगड जिल्ह्यांतील इर्शाळवाडीवर डोंगर कोसळला, तेव्हां पुष्य नक्षत्र अगदीं उंबरठ्यावर होतें.

यांत नक्षत्राचा दोष कांहीं नाहीं. मृगापासून सहा आठवडे पाणी पिऊन डोंगरउतारावरची माती तोंवर तृप्त झालेली असते. तिच्यांत अधिक पाणी मुरण्यास जागा उरत नाहीं. अशा मातीवर दोन दिवस मुसळधार पाऊस झाला म्हणजे ती खडकावरून सुटते. म्हणून लहान मुलांस व वृद्धांस घेऊन पुष्यांत घाटांत किंवा डोंगराच्या कुशींत मुक्काम करूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. ऑगस्टच्या मध्यास मघा लागतात. तेथपासून सप्टेंबरअखेर उत्तरा संपेपर्यंतचा काळ कुटुंबास त्यांतल्या त्यांत सोयीचा.

मात्र याच काळांत गणेशचतुर्थी येते. त्या आठवड्यांत मुंबईकर चाकरमानी गांवीं जातो. त्याचें घर तिकडे आहे, देव तिकडे आहे. आपली नुसती हौस आहे. त्याच्या गाडींतील जागा आपण अडवूं नये. गौरीगणपतींचें विसर्जन झाल्यावर निघावें.

प्रवास शक्य तो रेल्वेनें करावा. २००३ व २००४ या लागोपाठच्या वर्षीं जून महिन्यांत कोंकण रेल्वेवर दरडी व धोंडे पडून दोन भीषण अपघात झाले. आतां पावसाळ्यांत गाड्या मुद्दाम सावकाश चालवितात, मार्गावर पहारा ठेवितात आणि वेळापत्रकही निराळें असतें. जुन्या वेळा गृहीत धरून फलाटावर जाऊं नये. आरक्षण साठ दिवस आधीं खुलें होतें. मोटारीनें जाणाऱ्यांनीं घाट दिवसाउजेडीं ओलांडावा.

मुक्कामाचें घर पाहतांना खिडकींतून दिसणाऱ्या देखाव्यापेक्षां घराच्या पाठीमागें काय आहे तें आधीं विचारावें. डोंगर कापून काढलेली सपाटी, ओढ्याचें पात्र, धबधब्याचा पायथा, या जागा टाळाव्या. समुद्र पाहावा, त्यांत उतरूं नये. मालवणाहून सिंधुदुर्ग किल्ल्यास जाणाऱ्या नावादेखील या दिवसांत बंद असतात. जेथें कसलेले नावाडी नाव घालीत नाहींत, तेथें आपण पाऊल घालण्याचें कारण नाहीं.

इतकें जपून गेल्यावर जें पाहावयास मिळतें तें मात्र अपूर्व असतें. पोटरीस आलेल्या भाताचीं खाचरें वाऱ्यानें डोलतात. जांभ्या दगडाच्या सड्यांवर, जेथें वैशाखांत पाय ठेववत नाहीं, तेथें सीतेचीं आसवें आणि इतर रानफुलें पसरलेलीं असतात. विहिरी कांठोकांठ भरतात. संध्याकाळीं पडवींत बसावें, पागोळ्यांचा आवाज ऐकावा, आणि कुळथाच्या पिठल्याबरोबर ऊन भात जेवावा. एखाद्या दिवशीं हळदीच्या पानांत उकडलेले पातोळे मिळाले तर त्या घरच्या गृहिणीस मुलांनीं नमस्कार करावा.

शेवटीं एक सूचना. पांच दिवसांच्या सहलींत तीन दिवसांचाच कार्यक्रम आंखावा आणि दोन दिवस मोकळे ठेवावे. परतल्याच्या दुसऱ्या दिवशीं कोणाची परीक्षा, कोणाची कचेरी असा काटेकोर बेत असला, म्हणजे वाट बंद असतांही माणूस निघण्याचा हट्ट धरतो, आणि पुष्कळ अपघात अशा हट्टांतूनच घडतात. गांवचा माणूस 'आज वर जाऊं नका' म्हणाला, तर कारण विचारीत न बसतां पडवींत बैठक मारावी. त्यानें त्या डोंगराचे पन्नास पावसाळे पाहिलेले असतात. आपण चार दिवसांचे पाहुणे. धबधबा राहिला तर पुढल्या वर्षीं पाहतां येईल.