शेवटचा नळ

बाबा पहिल्यांदा श्टुटगार्टला आले तेव्हा त्यांच्या बॅगेत मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि मोज्यात गुंडाळलेली ओटीची बाटली होती. कस्टमवाल्यांनी माफ करावं.

ज्यांच्या घरात कुणी पाणीपुरवठ्यात नाही त्यांच्यासाठी: ओटी म्हणजे ऑर्थोटोलिडिन. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, थेंबभर ओटी टाकायचं. पिवळं झालं तर पाण्यात क्लोरीन आहे. नाही झालं तर टीसीएल पावडर कमी पडली, नाहीतर वाटेत घाण मिसळतेय. बाबा आमच्या नगरपालिकेत वॉलमन होते. पाणी उशिरा आलं की शिव्या त्यांना, वेळेवर आलं तर कुणालाच नाव आठवायचं नाही.

पहिल्याच सकाळी त्यांनी माझ्या स्वयंपाकघरातला नळ तपासला. रंग आला नाही.

"पांढरं आहे," ते म्हणाले. "हे पाणी तू चार वर्षं पितोयस?"

मग मी त्यांना शेजारच्या दुकानातून पाण्याच्या बाटल्या आणून दिल्या आणि रविवारी ट्रेननं बोडेनझेला घेऊन गेलो. श्टुटगार्टचं बरंचसं पाणी शंभरावर किलोमीटरवरच्या या तलावातून येतं. दुसऱ्या महायुद्धानंतर शहरं वाढली, जवळचं पाणी पुरेना. 1954 मध्ये तेरा नगरपालिका-ग्रामपंचायतींनी मिळून एक संस्था काढली आणि 1958 पासून पाणी सुरू झालं. आज सुमारे 320 गावं-शहरं आणि चाळीस लाख माणसं त्यावर आहेत.

"तेरा गावांची भांडणं नाही झाली?" बाबांचा पहिला प्रश्न. झाली असतीलच.

काठावर माणसं पोहत होती, कुत्री पोहत होती. बाबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. मी सांगितलं, पाणी इथून नाही, झिपलिंगेन गावापाशी साठ मीटर खोलीवरून घेतात. तिथं ते वर्षभर पाच अंशांच्या आसपास असतं. मग तीनशे मीटर उंच डोंगरावर चढवतात, ओझोन सोडतात, वाळूतून गाळतात. क्लोरीन अगदी नावाला, लांबच्या प्रवासापुरतं. आपल्या नळापर्यंत ते उरत नाही, म्हणून पांढरं.

खरा पहारा तलावावरच आहे. या तलावाला जर्मनी, स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया असे तीन देश लागतात. 1968 मध्ये बोडेनझे आणि ऱ्हाइनकाठच्या जलकेंद्रांनी एकत्र येऊन पाणी तपासायला सुरुवात केली. (त्याच वर्षी मुंबई आणि श्टुटगार्ट भगिनी-शहरं झाली, पण ते मुंबईत कुणाला ठाऊक नसतं.) तेव्हा साबणातलं आणि सांडपाण्यातलं फॉस्फरस तलावात वाढत चाललं होतं. 1980 च्या सुमारास ते लिटरमागे 80 मायक्रोग्रॅमच्या वर गेलं होतं. गावोगावी सांडपाण्याचे प्रकल्प बांधले, साबणातलं फॉस्फेट कमी केलं. आज ते दहाच्या आत आहे. इतकं कमी की माशांना खायला पुरत नाही, अशी कोळ्यांची तक्रार असते. 2016 मध्ये क्वागा नावाचे शिंपले सापडले. ते आता पाइपांना चिकटतात, त्यासाठी गाळण्याची नवी यंत्रणा उभारायचं चाललंय. म्हणजे काम संपलेलं नाहीच.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग हळूच विचारलं, "आणि शेवटच्या नळाला कोण बघतं?"

मला माहीत होतं ते कुठून आलं. मी नववीत होतो त्या पावसाळ्यात आमच्या गल्लीत कावीळ आली. बाबांनी रोजच्यासारखं टाकीपाशी तपासलं होतं, पिवळं धमक. गल्लीच्या टोकाला, जिथं पाइप गटारातून जायचा, तिथं ते त्या आठवड्यात गेले नव्हते. पाइप बदलायचा अर्ज त्यांनीच दोनदा लिहून दिला होता, पण ते कुणाला सांगणार? टोकाच्या घरातल्या वहिनींना सातवा महिना होता. गरोदर बाईला ही कावीळ फार वाईट. त्या गेल्या. त्यानंतर रिटायर होईपर्यंत बाबा रोज सायकलनं शेवटच्या नळापर्यंत जायचे. त्या घरासमोर मान वर करायचे नाहीत.

"इथं घरातल्या नळापाशीही नमुने घेतात," मी म्हणालो. "कायदाच आहे तसा."

"कायदा," बाबा म्हणाले. खिशातून नळी काढली, तलावाच्या पाण्यानं विसळली आणि परत ठेवून दिली. ओटी टाकलं नाही.

परतीच्या ट्रेनमध्ये त्यांनी त्या तेरा गावांची नावं विचारली. मला श्टुटगार्ट सोडून एकही सांगता आलं नाही. घरी आल्यावर त्यांनी नळाखाली भांडं धरलं, गॅसवर ठेवलं आणि उकळी फुटेपर्यंत तिथंच उभे राहिले. मी काही बोललो नाही. दोन पेले काढून ठेवले.