काळी-पांढरी वायर

वायरिंगच्या कामात डोळे थकले की सगळ्यात आधी काळ्या वायरवरची पांढरी रेघ हरवते. हिरो होंडाच्या जुन्या गाड्यांत निव्वळ काळी वायर म्हणजे चावीतून पुढे जाणारा बॅटरीचा करंट, काळी-लाल मॅग्नेटमधून सीडीआयकडे, म्हणजे स्पार्क घडवणाऱ्या डब्याकडे जाणारी, काळी-पिवळी इग्निशन कॉइलची आणि काळी-पांढरी इंजिन बंद करणारी. वीस-पंचवीस वर्षं उन्हात आणि ऑइलात मुरलेल्या हार्नेसमध्ये या चारही वायरी कलत्या उजेडात सारख्याच दिसतात. आता रंग वाचायचं काम हाताखालच्या मुलाकडे आहे, आणि तो प्रत्येक वायरपाशी थांबून ‘ही कशाला?’ असं विचारतो. हाताच्या सवयीने जोडत आलेल्या गोष्टीचं कारण तोंडाने सांगायची वेळ आली की तिच्यातली अडचण उघडी पडते. चावी काढून रिमोटचा स्विच बसवण्याच्या कामात ती सगळी अडचण या एका काळ्या-पांढऱ्या वायरमध्ये आहे, आणि बाजारात मिळणाऱ्या स्वस्त किटच्या नकाशात नेमकी तीच वायर नसते.

जुन्या सीडी १०० किंवा स्प्लेंडरचा चावीचा स्विच दोन कामं करतो आणि ती एकमेकांच्या उलट आहेत. चावी फिरवली की तो लाल आणि काळी वायर जोडतो. चावी बंद केली की काळी-पांढरी हिरवीला, म्हणजे बॉडी अर्थला टेकवतो. या गाड्यांच्या सीडीआयला बॅटरीचा करंट लागतच नाही. मॅग्नेटमधली वेगळी कॉइल त्याला पुरवते, म्हणून किक मारली की स्पार्क आपोआप तयार होतो. कॅनॉलचं दार उघडल्याशिवाय पाटाला पाणी येत नाही, तशा बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या. ही गाडी मात्र जिवंत झऱ्याची आहे, बांध घातला तरच थांबते. तिला चालू करावं लागत नाही, बंद करावं लागतं. ही गोष्ट मनात पक्की नसताना किटचा रिले नुसता लाल-काळ्या वायरमध्ये घातला, तर रिमोट दाबल्यावर हॉर्न आणि इंडिकेटर मरतात आणि इंजिन खुशाल चालू राहतं. मग फिटर पाच पायांचा रिले आणतो, त्याच्या ८७ए पायाला काळी-पांढरी लावतो, ३० नंबर अर्थला देतो, आणि काम संपलं असं मानतो. रिले ओढला की इंजिन मोकळं, सुटला की अर्थला टेकलं. गाडी स्टँडवर असताना सगळं बरोबर चालतं, आणि याच जोडणीला माझा विरोध आहे.

कारण या जोडणीने ज्या इंजिनाला बॅटरीची गरज कधीच नव्हती त्याला आपण बॅटरीच्या ओंजळीने पाणी प्यायला लावतो. फ्यूज उडाला, कप्लरला गंज चढला, व्होल्टेज खाली जाऊन रिमोटचं युनिट क्षणभर झोपलं, यातलं काहीही झालं की रिले सुटतो आणि धावती गाडी गप्प होते. बॅटरी पार उतरली असेल तर रिले उचलतच नाही; मग किक मारून पाय दुखेल, पण स्पार्क मिळणार नाही. ती उतरायला फार काही लागतही नाही. जुन्या स्प्लेंडरची बॅटरी अडीच अँपिअर-तासाची. रिमोटची वाट बघत जागं राहणारं युनिट समजा दहा मिलिअँपिअरच खात असेल, तरी दिवसाला पाव अँपिअर-तासाच्या जवळ जातं आणि दहा दिवसांत बॅटरी रिकामी होते. तुकोबांच्या पालखीबरोबर बारामतीतून चालत निघालेला माणूस सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी करत पंढरपूरला पोचतो तोवर साधारण तेवढेच दिवस होतात. तो एसटीने घरी परततो, गोठ्याशेजारी लावलेली गाडी काढायला जातो, आणि जी गाडी बॅटरीवाचूनही पहिल्या किकला निघायची ती अडून बसते.

रस्त्यावर हेच झालं तर फक्त अडून बसण्यावर भागत नाही. या गाड्यांचा हेडलाइटही मॅग्नेटच्याच करंटवर जळतो, त्यामुळे इंजिन गेलं की त्याच क्षणी पुढचा अंधार डोळ्यांत येतो. माळेगाव, भवानीनगर, बिजवडी या साखर कारखान्यांच्या वाटांवर हंगामात रात्रभर उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत असतात. त्यांच्या पुढ्यात, बंद दिव्याची आणि मेलेल्या इंजिनाची गाडी घेऊन एखादा माणूस उभा राहावा, असं काम आपल्या हातून होऊ नये. शेतीची लाइट रात्रपाळीला असली की माणसं अवेळी मोटर चालू करायला जातात, उसाच्या कडेने बिबट्याची भीती बाळगत. जिरायत भागात, सुप्या-मोरगावच्या माळावर, दोन वस्त्यांमधलं अंतर मोठं असतं. या लोकांच्या गाडीत तुटलेल्या जोडाने इंजिन बंद करण्यापेक्षा ते चालू ठेवणं मला जास्त योग्य वाटतं. कुठलाही जोड कधीतरी तुटणारच. तो तुटल्यावर गाडी कोणत्या बाजूला कलंडेल हे वायरिंग करणाऱ्यानेच ठरवायचं असतं, आणि किटचा कागद आपल्या वतीने ते ठरवू शकत नाही.

यावर पहिला आक्षेप चोरीचा येतो, आणि तो खरा आहे. जोड तुटल्यावर इंजिन मोकळंच राहत असेल तर चोराचं फावतं. पण मूळ चावीच्या गाडीतही नेमकं हेच होतं. गाडीच्या कारखान्याने ते पत्करलं आणि त्याच्या जोडीला हँडल लॉक दिलं. चावी काढून रिमोट बसवणारे बहुतेकजण हँडल लॉकसह आख्खं कुलूप काढून टाकतात आणि गाडी अधिक सुरक्षित झाली असं सांगतात. हे मला पटत नाही. हँडल वळलेलं आणि अडकलेलं असणं ही आडदांड पण खरी अडचण आहे. तिला ना बॅटरी लागते ना सिग्नल. शिवाय विमा कंपनी चोरीच्या दाव्याला दोन्ही मूळ चाव्या मागते, तेव्हा गिऱ्हाइकाने त्या भंगारात दिलेल्या नसाव्यात. कुलूप जागेवर ठेवून, हँडलपुरतं वापरून, रिमोट वेगळा बसवता येतो. काम किचकट होतं, एवढंच.

दुसरा आक्षेप तरुण फिटरांचा: कंपन्याच आता बिनचावीच्या गाड्या देतात, होंडाने २०२३ मध्ये अ‍ॅक्टिव्हाला स्मार्ट की दिलीच ना? दिली; पण ती गाडी मुळातून तशी आखलेली आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, कार्ब्युरेटर गेला, इंजेक्शन आणि ते चालवणारा ईसीयू आला. त्या इंजिनाला करंट पुरवावाच लागतो, म्हणून तिथे करंट तोडला की इंजिन थांबणं हा त्याचा स्वभावच आहे. तिथे काळी-पांढरी वायर हा प्रश्नच उरत नाही. अशा बांधणीत चालत्या गाडीपासून किल्ली दूर गेली तर इशारा मिळतो, इंजिन मारलं जात नाही. स्वस्त किटपैकी काही मात्र रिमोट लांब गेला की थेट तोडतात. नव्या गाडीच्या रिवाजाने जुनी गाडी जोडणं म्हणजे तिच्या स्वभावाविरुद्ध जाणं आहे. आणि नव्या गाडीचा ईसीयू पुरवठा मधेच कापून तिथे बाहेरचं युनिट घालणाऱ्यांबद्दल तर काय बोलावं? कप्लरला कप्लर लावून आणि अर्ध्या तासात पैसे घेऊन मोकळं होणाऱ्या दुकानांनी या धंद्याचं नाव खराब केलं आहे. इन्सुलेशनला नुसता चिमटा बसवणारे ते प्लास्टिकचे जोड पहिल्या पावसाळ्यापर्यंतही टिकत नाहीत. कारखाने डाग न देता दाबून जोड करतात हे मला मान्य आहे. डाग दिलेली वायर जिथे कडक होते तिथेच थरथरीने तुटते, हेही. पण दाबायचं खरं यंत्र आणि त्या मापाच्या पिना वापरणं वेगळं, आणि पकडीने चेपणं वेगळं.

मग करायचं काय? माझं उत्तर दोन स्थितींत स्थिर राहणारा रिले. त्याला एक झटका दिला की तो पलटतो, आणि पुढचा झटका येईपर्यंत करंट असो वा नसो, तिथेच राहतो. काळी-पांढरी वायर या रिलेवर, बाकी हॉर्न आणि इंडिकेटर किटच्या रिलेवर. धावत्या गाडीचा फ्यूज उडाला तर हॉर्न गेला, इंजिन राहिलं. गाडी बंद असताना बॅटरी मेली तर मात्र रिले अर्थलाच टेकून बसतो, म्हणून त्याला समांतर नव्हे तर काळ्या-पांढऱ्या वायरच्या मार्गातच एक लपवलेलं साधं बटण द्यावं लागतं, जे उघडलं की वायर मोकळी होते. इथपर्यंत ठीक. पण या जातीचा रिले जोराच्या धक्क्याने आपण होऊन पलटू शकतो, आणि आपले रस्ते धक्क्यांचेच आहेत. त्याला रबरात बसवावं लागतं, आणि त्याच्या तोंडाची दिशा आडवी ठेवावी की उभी यावर मी अजून ठाम नाही. दुसरं, काळ्या-पांढऱ्या वायरवर बारा व्होल्ट नसतात. मॅग्नेटच्या कॉइलचा दाब शंभराच्याही वर चढतो. तिथे पाण्याची झिरप झाली तर फ्यूज उडत नाही, दिवा मंद होत नाही, फक्त इंजिन अडखळतं आणि माणूस कार्ब्युरेटर साफ करत बसतो. ओढ्यात नेऊन गाड्या धुणाऱ्या गावांत हा रिले मडगार्डजवळ असून चालत नाही. तो टाकीखाली, उंचावर बसतो.

या सगळ्या खटाटोपामागे फक्त सुरक्षिततेचा विचार आहे, असं मी म्हटलं तर ते खोटं ठरेल. मला आपलं काम दिसू नये अशी हौस आहे. मूळ रंगाचीच वायर, मूळ बंडलातूनच वळलेली, टेपचा पदर कारखान्याच्याच बाजूने, बाहेरून बघणाऱ्याला कुठे हात घातला ते कळू नये. दुसऱ्या फिटरने सीट उघडून दहा मिनिटं शोधावं आणि काही सापडू नये, याचा मला आनंद होतो. आणि इथेच माझ्या कारागिरीची माझ्या युक्तिवादाशी गाठ पडते. गाडी चालती राहावी म्हणून मी ज्याच्यासाठी एवढं करतो, तो माणूस भिगवणच्या अलीकडे रात्री अडकला तर तिथल्या फिटरला माझं न दिसणारं काम उलगडता येणार नाही. सीटखाली नकाशा लॅमिनेट करून ठेवतो, रिलेच्या पायांवर नंबर लिहितो. पण नकाशा ठेवतानाही वाटतं की आपण आपलंच गुपित सांगून टाकतोय.

हाताखालच्या मुलाचं मत याहून सरळ आहे. तो म्हणतो, काळ्या-पांढऱ्याला रिमोटशी जोडायचंच कशाला? जुना चावीचा स्विच तसाच ठेवावा, त्याला फक्त हँडल लॉक आणि इंजिन बंद करण्याचं काम द्यावं, रिमोटला हॉर्न-इंडिकेटर. बॅटरीची गरज नाही, धक्क्याची भीती नाही, कुठल्याही गावच्या फिटरला कळेल. गिऱ्हाइकाला चावी खिशात बाळगावी लागेल, हाच एक तोटा. या जोडणीत मला विजेच्या दृष्टीने एकही दोष काढता आलेला नाही. तरी त्याला ती करू द्यायला माझं मन तयार होत नाही. रिमोटच्या कामानंतरही इंजिन बंद करायला चावीच फिरवावी लागते, आणि ते काम माझ्या हातचं आहे हे लोकांना ठाऊक असतं.