मोहरीची चुलतबहीण आणि आमचा कोरगूट

आमची भाची बेंगळुरूला वनस्पतिशास्त्र शिकते. गेल्या चवथीला घरी आली तेव्हा तिने मोबाईलवर एका रोपट्याचा फोटो दाखवला. वीतभर उंचीचं, जमिनीलगत पानांचं चक्र, वर बारीक पांढरी फुलं. मी म्हटलं, "हे तर तण!"

"तणच आहे, मामा. पण साऱ्या जगाची प्रयोगशाळा यावर चालते."

त्याचं नाव अरॅबिडॉप्सिस थॅलियाना. मोहरी-मुळ्याच्या कुळातलं, पण फोडणीला नाही की भाजीला नाही. सोळाव्या शतकात योहानेस थाल नावाच्या जर्मन वैद्याने हार्झच्या डोंगरात ते पाहून नोंदवलं, म्हणून 'थॅलियाना'. बी रुजल्यापासून नवं बी हाती येईपर्यंत सहा आठवडे पुरतात. एका रोपाला हजारो बिया आणि गुणसूत्रांच्या जोड्या फक्त पाच. संशोधकाला आणखी काय हवं? २००० साली याची संपूर्ण जनुकीय मांडणी वाचून झाली. वनस्पतींमध्ये हा मान पहिल्यांदा मिळाला तो भाताला किंवा गव्हाला नाही, या तणाला!

मी बी. ए. झालेला कारकून. जनुक म्हटलं की मला डुलकी येते. पण पुढे ती जे बोलली त्याने मी सावरून बसलो. शास्त्रज्ञांनी या रोपांच्या बियांत मुद्दाम बिघाड घडवून आणले आणि ती खारट खाद्यावर वाढवली. जी रोपं थोड्याशा मिठानेही कोमेजली, ती वेगळी काढली. त्यांच्यात जे जनुक बिघडलं होतं, तेच धडधाकट रोपाला मिठापासून वाचवत असणार, असा हा हिशेब. १९९६ पासून पुढच्या काही वर्षांत अशी जनुकं सापडत गेली. त्यांना नाव दिलं 'एसओएस', बुडत्या जहाजाच्या हाकेसारखं. मुळाच्या पेशीत मीठ शिरलं की आतून इशारा जातो आणि पेशीच्या भिंतीलगतचा पंप ते बाहेर फेकू लागतो. २००७ साली भातातही हीच यंत्रणा असल्याचं दाखवलं गेलं.

पेशीतला पंप ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे चोपड्याच्या खाजनातली मानस आली. भरतीला दार बंद, ओहोटीला उघडं. आत आलेलं पाणी बाहेर काढायचं, नदीचं खारं पाणी आत येऊ द्यायचं नाही. बाबांचं सारं आयुष्य त्या बांधावर गेलं. मृगाच्या पावसाने जमिनीतलं मीठ धुऊन निघालं की ते मोड आणलेला कोरगूट पेरत. खारेपणा सोसणारं हे आपलं भात. तांबडा दाणा, लांब कुसळं. त्याची पेज ज्याने प्यायली त्याला वेगळं सांगायला नको.

भाची म्हणाली, "मामा, मूठभर कोरगूट दे ना, मैत्रिणींना दाखवते."

आणि घरात एक दाणा नव्हता.

बाबा गेले, पुढच्या पावसात बांध फुटला. शेतात खारं पाणी भरलं. भावाने म्हटलं, पुढच्या वर्षी बघू. मीही म्हटलं, पुढच्या वर्षी बघू. कचेरी, रजा, मुलांची परीक्षा... माळ्यावरच्या मुडीतलं बी दोन वर्षं तसंच राहिलं आणि किडीने पोखरलं. दोष सरकारचा नाही, खाऱ्या पाण्याचाही नाही. माझा.

भाचीने सहज सांगितलं की अमेरिकेत ओहायोच्या विद्यापीठात १९९१ पासून या तणाच्या बियांचं भांडार आहे. मागेल त्या प्रयोगशाळेला पाकीट पाठवतात. कुणाच्याही पोटाला न लागणाऱ्या रोपट्याची इतकी काळजी! आणि ज्याने आमच्या चार पिढ्या जगवल्या, त्याचं बी दोन पावसाळे सांभाळणं आम्हाला जमलं नाही.

जुने गोवें इथल्या कृषी संशोधन संस्थेने कोरगुटातूनच निवड करून 'गोवा धान १' हा वाण दिला आहे, ही समाधानाची गोष्ट. पण मला बाबांचा कोरगूट हवा होता. शेवटी वाड्यावरच्या एका म्हाताऱ्या काकींकडे पायलीभर मिळाला. पैसे घेईनात. म्हणाल्या, "पिकलो की परत दी."

यंदा मृगात एका कुणग्यात तो पेरला. पायली परत करायची आहे.