वही वाचली तर डबा वाचला

आगीतून निघालेल्या डब्यातली वही वाचता येत नसेल, तर तो डबा वाचला असं मी मानत नाही. लष्करी काडतुसांचा जुना डबा वणव्यात वितळत नाही. पोलाद वितळायला चौदाशे अंशांच्या आसपास जावं लागतं. त्यामुळे ‘अ‍ॅमो कॅन आगीत टिकतो’ हे आमच्या जिओकॅशिंगवाल्यांचं, म्हणजे रानात डबे लपवून जीपीएसने ते शोधणाऱ्यांचं, लाडकं विधान खरं आहे, पण काही कामाचं नाही. शोधणारा सही करतो ती वहीत. वही गेली की उरतं ते भंगार.

२०२० च्या ऑगस्टमध्ये कोरड्या विजा कोसळल्या आणि इथे कॅलिफोर्नियात, सांताक्रूझच्या डोंगरांत ‘सीझेडयू लाइटनिंग कॉम्प्लेक्स’ नावाची आग भडकली. ८६ हजार एकरांहून अधिक रान जळलं, बिग बेसिनचं रेडवुड उद्यान जवळजवळ सगळं होरपळलं. तोवर डब्यात पाणी शिरू नये एवढीच माझी काळजी असे. तेव्हापासून मात्र ही वही डोक्यातून जात नाही.

कागद साधारण २३० अंशांना पेट घेतो, पण पेटायला हवा लागते. झाकणाचं रबर शाबूत असेल तोवर डब्यात हवा थोडीच असते. मग वही जळत नाही, भाजते. रायगडातले कातकरी लाकडं मातीखाली कोंडून कोळसा पाडत, तसाच हा प्रकार. कडा काळ्या पडून चुरतात; वही जाड आणि बांधणी घट्ट असेल तर मधली पानं तपकिरी होऊन उरतात. पण हे आच लवकर सरली तरच. गवताची आग बघता बघता पुढे निघून जाते. आडवा पडलेला ओंडका दिवसचे दिवस धुमसतो. आणि आम्हाला तर डबा ओंडक्याच्या पोटातच ठेवायला आवडतो!

त्यात वहीला ओल लागू नये म्हणून घातलेली ती झिपवाली पिशवी. पॉलिथिन कागदाच्या कितीतरी आधी, सव्वाशे अंशांच्या अलीकडे-पलीकडेच वितळतं आणि पानं एकमेकांना चिकटवून टाकतं. पिशवी काढावी तर हिवाळ्यातला पाऊस वही कुजवणार, ठेवावी तर उन्हाळ्यातली आग तिचा गोळा करणार. सध्या मी वही पत्र्याच्या चपट्या डबीत घालतो, डबीभोवती वेल्डिंगवाले वापरतात ते काचतंतूंचं कापड गुंडाळतो आणि मग ते सगळं मोठ्या डब्यात. तरी समाधान नाही. डबी आतून दमट होते, गंजते. मातीखाली चार बोटं गेलं तरी धग झपाट्याने उतरते, पण खड्डा खणून डबा पुरायचा नाही असा नियम आहे. (या खेळाची पहिली बादली डेव्ह उल्मरने ३ मे २००० रोजी ओरेगनमध्ये ठेवली, ती अर्धवट पुरलेलीच होती. असो. नियम योग्य आहे. नाहीतर लोकांनी फावडी घेऊन जंगलं उकरली असती.)

माझं नाव आहे ते डब्याच्या वेषांतरासाठी. गळून पडलेली साल, शेवाळ, झाडांची सुईसारखी पानं इपॉक्सीने अशा बसवतो की माणसं डब्यावर हात टेकून उभी राहतात आणि ‘सापडला नाही’ अशी नोंद करून घरी जातात. त्या नोंदी मी रात्री चवीचवीने वाचतो. आगीच्या हिशेबात हा सगळा साज म्हणजे सरपण. माझी आवडती जागाही तसलीच, रेडवुडच्या बुंध्यातली पोकळी. तिला इथे ‘गूज पेन’ म्हणतात. ती आधीच्या आगींनीच कोरलेली असते. म्हणजे जिथे आग येऊन गेल्याची खूण आहे, तिथेच डबा. उघड्या खडकाच्या कपारीत, आसपास काडीही नाही अशा जागी बोडका डबा ठेवला तर वही वाचण्याची शक्यता कितीतरी जास्त. पण तो कुणालाही सापडेल, आणि ते मला सोसत नाही. साल चिकटवणं मी सोडलेलं नाही.

नव्या मंडळींना ही चिंताच नाही. रस्त्याकडेच्या लोखंडी कठड्याला चुंबकाने चिकटवलेली, बोटाच्या पेराएवढी डबी, आत कागदाची सुरळी. दोन डब्यांत किमान १६१ मीटर अंतर हवं, या नियमाचा अर्थ त्यांनी दर १६१ मीटरला एक डबी असा लावला आहे. जळली तर खिशातून दुसरी काढायची. याला कारागिरी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. इथल्या मराठी मंडळातला एक मुलगा मला म्हणाला, “काका, वहीचे फोटो काढून ठेवा ना, संपला विषय.” बरोबर आहे त्याचं. मी फोटो काढतो आणि पुन्हा डबीच्या मागे लागतो.

डबे ठेवणाऱ्यांना एवढंच सांगेन: झाकायला म्हणून डब्यावर वाळक्या काटक्या रचू नका. आत पेन नको, शिसपेन्सिल ठेवा. भाजलेल्या पानावर शाई बहुधा दिसेनाशी होते, शिशाची रेघ मात्र पान उजेडात तिरपं धरलं की चमकते. आणि आग विझली म्हणून लगेच डबा बघायला धावू नका. वरून थंड दिसणाऱ्या बुंध्याखाली मुळं आठवडेच्या आठवडे जळत असतात, पाय टाकला की जमीन खचते. उद्यानवाले वाट उघडतील तेव्हाच जा.