खुरापासून वशिंडापर्यंत

बसलेला बैल उठतो कसा, हे एकदा निवांत बघावं. रवंथ थांबतो. दुमडलेले पुढचे पाय तो सावरून घेतो, मान लांब करून डोकं पुढे झोकतो आणि त्या हिसक्यासरशी पुठ्ठा वर उचलतो. क्षणभर मागचे पाय ताठ, पुढचे गुडघे मात्र अजून जमिनीला टेकलेले. मग एक पाऊल, मग दुसरं, आणि उभा राहिल्यावर पाठ ताणून दिलेला एक लांबलचक आळस. घोड्याचं याच्या उलट. तो आधी पुढचे पाय रोवतो आणि मग मागून उसळतो. बैलाच्या या उठण्याकडे बघताना मला दरवेळी वाटतं, याचं सारं शरीरशास्त्र या दोन-चार क्षणांत उलगडून दाखवलेलं आहे.

टेकलेले ते गुडघे म्हणजे खरं तर त्याची मनगटं. आपला हात टेबलावर ठेवावा, तळवा हळूहळू उचलावा आणि फक्त मधल्या बोटाच्या व अनामिकेच्या टोकांवर भार द्यावा. बैल जन्मभर असा उभा असतो. त्याचं दुभंगलेलं खूर ही या दोन बोटांची नखं. तर्जनी आणि करंगळी मागच्या बाजूला, जमिनीला न टेकणाऱ्या दोन बारक्या खुरांपुरती उरली आहेत; अंगठा नाहीच. खुराच्या वरची सरळ नळी म्हणजे आपल्या तळहातातली दोन हाडं एकजीव झालेली. त्या जोडणीची खूण म्हणून हाडावर समोरून एक उभी खाच असते. मागच्या पायाचा मागे टोक काढलेला उंच सांधा म्हणजे घोटा, ते टोक म्हणजे टाच. खरा गुडघा वर, पोटाच्या कडेला कातडीत झाकलेला.

मनगटाच्या आणि घोट्याच्या खाली हात फिरवला तर मांसल असं काही लागत नाही. हाड, त्यावर ताठ स्नायुबंध आणि कातडी, एवढंच. ताकदीचे स्नायू सगळे वर, फऱ्यात आणि पुठ्ठ्यात. वजन धडाजवळ राहिल्यामुळे पाय खाली हलका होतो आणि चिखलातून उचलून पुढे टाकायला सोपा जातो.

सगळ्यात नवल मला पुढच्या पायांचं वाटतं. बैलाला गळ्याचं हाड नसतं. त्याचा फरा बरगड्यांना कुठल्याही हाडानं जोडलेला नाही. दोन्ही फऱ्यांच्या आतल्या अंगाने निघालेले रुंद स्नायू छातीला झोळीसारखे तोलून धरतात आणि खाचखळग्यांतून चालताना बसणारे धक्के हेच मांस सोसतं. मागचा पाय मात्र खुब्यात हाडाला हाड लावून घट्ट बसलेला. म्हणून ओढ निघते ती मागून. मांड्या जमीन रेटतात, तो जोर कमरेतून आणि पाठीतून पुढे सरकतो आणि वशिंडापुढे, जुवाखाली मानेवर येऊन पोचतो. वशिंडही बरंचसं स्नायूच आहे. जू ओबडधोबड असलं, जोडी उंचीनं विजोड असली की खांदेसूज येते ती याच जागी, कारण सगळ्या देहाची मेहनत वीतभर कातडीवर एकवटलेली असते.

कधी चालताचालता बैलाचा मागचा पाय ताठ होऊन मागेच अडकतो, खूर जमिनीवर फरफटतं आणि मग झटका बसून पाय सुटतो. गुडघ्याची वाटी वरच्या उंचवट्यावर अडकून बसते, त्याचा हा प्रकार. आपल्याकडच्या जनावरांत तो बराच आढळतो. पशुवैद्य वाटीखालचे तीन बंध बोटानं चाचपतात, जागा बधिर करून लहानशा छेदातून आतल्या बाजूचा बंध कापतात आणि बहुतेक वेळा बैल त्याच दिवशी सरळ पाऊल टाकतो. बाहेरून काहीच दिसत नसताना कातडीखालचा नेमका बंध ओळखणारं ते बोट मला फार थोर वाटतं.

तसाच हात पत्री मारणाऱ्याचा. ऊस वाहणाऱ्या बैलांची खुरं डांबरी रस्त्यावर झिजतात, म्हणून प्रत्येक नखीला वेगळी पत्री, एका बैलाला आठ. खुराचं बाहेरचं कवच निर्जीव, पण त्याच्या आत लगेच रक्त आणि संवेदना. खिळा त्या कवचातच राहिला पाहिजे. थोडा आत सरकला तर जनावर लंगडं. अनुभवी माणूस ठोक्याच्या आवाजावरून खिळा कुठे चाललाय ते ओळखतो.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी होते. हळद-लोणी लावून खांदे चोळले जातात. ही रीत ज्यांनी घातली, त्यांना देहाच्या नेमक्या कोणत्या जागेचे उपकार मोठे, हे पक्कं ठाऊक होतं. तोच हात त्या दिवशी आणखी खाली न्यावा. सांध्यांवर फिरवावा, कुठे ऊन लागतं का बघावं, दोन नख्यांमध्ये खडा रुतला असेल तर काढावा. गोठ्यात गुळगुळीत फरशी असेल तर ती खडबडीत करावी. गव्हाण आणि दावं यांमध्ये डोकं पुढे झोकण्याइतकी जागा सोडावी, कारण ती नसेल तर बैलाला उठण्यासाठी रोज धडपडावं लागतं. झूल आणि गोंडे वर्षातून एकदा पुरतात. देहाची जाण मात्र जनावराला रोज लागते, आणि ती ठेवणं हा मालकाच्या प्रेमाचाच भाग आहे.