पावतीवर नाव कुणाचं?

गेल्या रविवारी आमच्या चाळीच्या अंगणात मीटिंग झाली. गिरगावातली चाळ, तीन मजले, ४८ बिऱ्हाडं. बिल्डरची माणसं नव्या इमारतीचं चित्र घेऊन आली होती. चित्रात झाडं होती, गाड्या होत्या, गॅलरीत वाळत घातलेले कपडे मात्र कुठेच नव्हते. शेवटी संमतीपत्रं वाटली. पूर्वी ७० टक्के भाडेकरूंची संमती लागायची, आता ५१ टक्क्यांवर काम होतं. मी पत्र घरी आणलं, पण अजून सही केलेली नाही. का, ते लिहितोय. कारण असंच पत्र दादर, परळ, लालबागमधल्या बऱ्याच वाचकांच्या कपाटात असणार.

आमची खोली १८० चौरस फुटांची. आजोबांनी १९५६ साली घेतली. घेतली म्हणजे भाड्यानेच, पण पागडी देऊन. त्यासाठी आजीच्या पाटल्या मोडल्या. त्या पैशांची पावती नाही, कारण तेव्हा पागडी घेणं कायद्याने गुन्हा होता. १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याने तिला मान्यता दिली, तोवर आजोबा राहिले नव्हते. थोडक्यात, विकत घेतल्यासारखे पैसे मोजले आणि कागदावर भाडेकरूच राहिलो.

लोक म्हणतात, तुम्ही चाळवाले फुकट राहता. हिशेब सांगतो. १९४७च्या कायद्याने आमच्यासारख्या जुन्या इमारतींची भाडी १ सप्टेंबर १९४०च्या पातळीवर गोठवली. पन्नास वर्षं हेच चाललं. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयानेच सांगितलं की, काळाच्या ओघात ही गोठवणूक अन्यायाची झाली आहे. मग नवा कायदा आला आणि २००० सालापासून वर्षाला ४ टक्के वाढ सुरू झाली. तेव्हा आमचं भाडं ४० रुपये होतं, आज ११०च्या आसपास आहे. ४८ बिऱ्हाडांचं मिळून महिन्याला जेमतेम सव्वापाच हजार! एवढ्यात कुठला मालक जिना दुरुस्त करणार? त्याने हात झटकले, आम्ही रंगापुरती वर्गणी काढली, आणि मागच्या भिंतीला टेकू लागले. त्याला आता अकरा वर्षं झाली. पोरं त्यांना स्टंप मानून क्रिकेट खेळतात.

त्यामुळे पुनर्विकास नको, असं मी मुळीच म्हणत नाही. २०१७ साली भेंडी बाजारात हुसैनी इमारत पडली, २०१९ साली डोंगरीत केसरबाई. दोन्हीकडे मिळून चाळीसहून जास्त माणसं गेली. पावसाळ्यात रात्री माती पडल्याचा आवाज आला की आम्ही सगळे उठून बसतो.

माझी सही अडलीय ती दादामुळे. त्याने काही केलं म्हणून नाही, काहीच केलं नाही म्हणून.

१९९४ साली माझं लग्न ठरलं. खोलीत आई-बाबा, दादा, वहिनी, त्यांची चार वर्षांची मुलगी आणि मी. त्यात आणखी एक संसार कुठे मांडणार? पोटमाळ्यावर झोपायचं म्हटलं तरी उभं राहता येत नव्हतं. दादाने कर्ज काढून डोंबिवलीला वन रूम किचन घेतलं. त्याला कुणी जा म्हटलं नाही. राहा असंही कुणी म्हटलं नाही. पुढची सव्वीस वर्षं त्याने फोर्टातल्या नोकरीसाठी लोकलने ये-जा केली. मी मात्र घरी जेवायला येत होतो.

२००३ साली बाबा गेले. भाडेकरू वारला की त्याच्यासोबत राहणाऱ्या घरच्या माणसाकडे भाडेकरूचा हक्क जातो, असा कायदा आहे. पावती माझ्या नावावर झाली. मालकाने दादाचं ना-हरकत पत्र मागितलं. दादाने न वाचता सही केली आणि वहिनींना म्हणाला, चला, ६:४०ची मिळेल.

तेव्हा ती पन्नास रुपये भाड्याची एक खोली होती. आता तिच्या जागी किमान ३०० चौरस फुटांचं मालकीचं घर मिळणार. ऑक्टोबर २०२५पासून मेट्रोही दाराशी आलीय. आम्ही दोघा भावांनी जन्मभर मिळून कमावलं नसेल एवढी त्या घराची किंमत.

मीटिंगहून आलो तेव्हा आई दारातच बसली होती. वय ८४. तिने चौरस फूट विचारले नाहीत. म्हणाली, "दादाला सांगितलंस का?"

कायदा राहिलेल्याला मोजतो. पण एका खोलीत तीन पिढ्या राहू शकल्या, त्या कुणीतरी उठून गेलं म्हणून. आमच्या चाळीत असं खातं प्रत्येक दाराआड आहे. कुणी विरारला गेलं, कुणी बदलापूरला. मीटिंगमध्ये आपण सगळं विचारतो. करार रजिस्टर होणार का? काम चालू असतानाचं भाडं आगाऊ मिळणार का? कॉर्पस किती? नव्या इमारतीचा मेंटेनन्स पेन्शनीत कसा भरायचा? विचारायलाच हवं, मीही विचारलं. पण घरातला प्रश्न कुणी काढत नाही. मग इमारत उभी राहते आणि भाऊ कोर्टात भेटतात. आमच्याच गल्लीत अशी दोन घरं आहेत.

मी दादाला फोन केला. तो म्हणाला, "तुझं आहे ते, तू बघ. गणपती कुठे बसवणार तेवढं आत्ताच ठरवून ठेव." त्याचं हे बोलणं सोयीचं आहे, म्हणूनच मला ते धरून बसायचं नाही.

किती हिस्सा, कसा, ते ठरलेलं नाही. बायकोशी दोनदा वाजलं. तिचंही चुकत नाही. बाबांचं शेवटचं दुखणं तिने काढलं, आईचं आजही तीच बघते. दादाच्या मुलीलाही बोलायचा हक्क आहे. येत्या रविवारी सगळे जमणार आहोत. जे ठरेल ते वकिलाकडून लिहून घेणार आणि मगच संमतीपत्रावर सही करणार.

तुमच्याकडे असं पत्र आलं असेल तर सही करण्याआधी जुनी पावती काढा. तिच्यावर नाव कुणाचं आहे ते बघा, आणि जे माणूस खोली सोडून गेलं त्याला एक फोन करा.